कालवं नसलेला खडक

सुगंधाबाय कामाच्या वेळी कधीच फोन करत नसे. तिची धाकटी बहीण हेमांगी खवणेकर लिस्बनला जागतिक नौवहन मंडळाची महासचिव झाली त्याला सहा वर्षं होत आली होती, आणि एवढ्या काळात बायचा फोन यायचा तो रविवारीच, जेवणं आटपल्यावर. त्यामुळे त्या मंगळवारी भर बैठकीत, समोर सव्वीस देशांचे प्रतिनिधी बसलेले असताना मनगटावरच्या पट्टीवर बायचं नाव उमटलं, तेव्हा हेमांगीने समोरची फाइल मिटली. दहा मिनिटांची मुभा मागून ती बाहेर आली.

"बाय, काय झालं? बरी आहेस ना?"

"मी बरी आसंय गो. तुका एक इचारूचा होता. कालवां खय गेली?"

हेमांगीला क्षणभर कळेचना. "कालवं? खडकावरची, शिंपल्यातली?"

"आज सुकती मोठी होती, पाणी लांब गेला होता. आम्ही पाच जणी खडकार गेलंव. एक कालव गावला नाय. एक म्हणजे एक नाय, हेमा. खडक कोणी घासून काढल्यासारखो. गेल्या वर्षी थोडी तरी होती. मुळे नाय, शिनाणे नाय, कसलीच शिंपली नाय. तू जहाजांचा बघतंस, समुद्राचा तुका कळता, म्हणान इचारलंय."

"पाणी गरम झालं असेल बाय. मी विचारते कुणाला तरी."

"इचार. बायो वाट बघतत," असं म्हणून बायने फोन ठेवला.

हेमांगी परत आत जाऊन बसली. समोर कुणीतरी बोलत होतं, पण तिला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. सात वर्षांपूर्वीचा सात ओळींचा एक परिच्छेद तिच्या डोळ्यांसमोर शब्द न् शब्द उभा राहायला लागला होता. तो तिनेच कापला होता.

हेमांगीची सगळी कारकीर्द ठळक, दिमाखदार वळणांची नव्हती. स्पर्धा परीक्षा देऊन ती सरकारच्या नौवहन खात्यात लागली, जहाजांच्या तपासणीचे नियम शिकली, मग आंतरराष्ट्रीय बैठकांना भारताची फाइल घेऊन जाणाऱ्या चमूत शिरली. तिच्या अंगात एक गुण होता. भांडणाऱ्या वीस लोकांना मान्य होईल असं एक वाक्य तिला लिहिता यायचं. जगभरच्या बंदरांत, जहाजांवर, बोटींच्या कारखान्यांत तिची अशी कितीतरी वाक्यं कायदा होऊन बसली होती. आणि त्यातलं सगळ्यांत मोठं वाक्य होतं दोन हजार अडतीस सालचं. जगातल्या प्रत्येक मालवाहू जहाजाच्या बुडाला 'ग्लिसा' लेप लावणं बंधनकारक.

त्यामागचं कारण साधं होतं. जहाज पाण्यात उभं राहिलं की त्याच्या बुडाला कालवं, शेवाळ, बार्नेकल नावाचे खडबडीत कवचवाले जीव चिकटतात. नितळ बूड पाण्यातून सुरीसारखं जातं. असं खरबरीत झालेलं बूड पाण्याला घासत, ओढत जातं आणि चौथा हिस्सा इंधन जास्त जाळतं. पूर्वी त्यावर विषारी रंग लावत. त्या विषाने बंदरंच्या बंदरं मेली, म्हणून त्या रंगांवर बंदी आली. ग्लिसा मात्र कुणालाच मारत नव्हता. कालवाची अळी जन्मल्यावर दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगते आणि मग बसायला जागा शोधते. एखाद्या पृष्ठभागाला ती आपल्या इवल्याशा पायाने स्पर्श करते, तिथल्या सूक्ष्म जंतूंची आणि आधी बसलेल्या कालवांची एक प्रकारची चव घेते. ती चव ओळखीची लागली की तिथे कायमची चिकटते. ग्लिसामधला रेणू त्या चव घेणाऱ्या पेशीत नेमका जाऊन बसायचा, कुलपात दुसरीच किल्ली मोडून पडावी तसा. समोर जागा असूनही अळीला ती ओळखू यायची नाही. ती जहाज सोडून पुढे निघून जायची.

प्रयोगशाळेत मासे जगले, कोळंबी जगली, शेवाळ जगलं. बुडावरून सुटलेला रेणू सूर्यप्रकाशात नऊ दिवसांत मोडतो हेही सिद्ध झालं. जगाच्या जहाजांचा धूर एका नियमाने चौथ्या हिश्श्याने कमी होणार होता.

हरकत घेतली होती ती एकट्या डॉ. यशोधन ताम्हनकरांनी. गोव्यात राहणारे, सागरी जीवांवर आयुष्य घालवलेले हे गृहस्थ सल्लागार समितीवर होते. त्यांचे ते सात ओळींचे म्हणणे असे : गढूळ, गाळाच्या पाण्यात तळाशी ऊन पोचत नाही, तिथे हा रेणू मातीच्या कणांना चिकटून वर्षानुवर्षं टिकू शकेल, आणि दर भरतीला पुन्हा वर येईल, अळ्यांना भुलवायला तो अतिशय थोडा पुरतो, खाड्यांच्या मुखाशी चाचणी केल्याशिवाय मान्यता देऊ नये.

चाचणीला चार वर्षं लागली असती. तेवढं थांबण्यापेक्षा पाच देश बैठकीतून उठून जायच्या बेतात होते. हेमांगी समितीची अध्यक्ष होती, आणि पुढच्याच वसंतात महासचिवपदाची निवडणूक होती. तिने पेन्सिलने परिच्छेदाभोवती चौकट काढली आणि कडेला लिहिलं : 'पुढील अभ्यासासाठी, परिशिष्टात.' छापताना परिशिष्ट गळालं. ते चुकून गळालं नव्हतं. पानं कमी करायला सांगणारी तीच होती.

चार दिवसांनी ती देवगडच्या दक्षिणेला, आपल्या गावी खारजुव्याला पोचली. भर दुपारची ओहोटी होती. बाय सहासष्ट वर्षांची, पण ओल्या खडकावरून हेमांगीपेक्षा झपाझप चालत होती. हातातली लोखंडी कोयती तिने सवयीनेच आणली होती, तोडायला काही नव्हतं तरी. कंबरभर उंचीच्या ज्या खडकावर लहानपणी पाय ठेवायची सोय नसायची, कालवांच्या धारेने तळवे कापायचे, तो खडक आता स्वच्छ, काळा आणि गुळगुळीत होता. अगदी खाली, कोयती पोचणार नाही अशा कपारीत काही जुनी, मोठी कालवं कशीबशी धरून होती.

"ही म्हातारी," बाय म्हणाली. "माझ्यासारखी. ह्यांच्या पाठसून कोणच इला नाय."

वाडीतल्या चार-पाच बायका लांबून बघत होत्या. बायने त्यांना हाताने खुणावलं. "आता आमच्या हेमान डोळ्यांनी बघल्यान. आता काय तरी होतला."

हेमांगीने मान खाली घातली. सांगायचं तर आत्ताच, असं तिच्या मनात आलं. पण बायच्या तोंडावरचा तो भरवसा बघून तिची जीभ रेटेना.

तिच्या निरोपावरून आलेले ताम्हनकर गावातल्या मच्छीमार सोसायटीच्या जुन्या बर्फखान्यात बसले होते. गेले पाच महिने ते स्वतःच्या खर्चाने किनाऱ्यावर फिरत होते. हेमांगीला त्यांच्या रागाची भीती वाटत होती. पण ते रागावलेले नव्हते, फार थकलेले होते.

"बसा मॅडम. आधी हे बघा, मग बोलू."

तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. प्रकाशाच्या गोल तळ्यात मोहरीहून लहान पंधरा-वीस अळ्या होत्या. त्यांच्यापुढे कालवाच्या जुन्या शिंपेचा तुकडा ठेवला होता. एक अळी जवळ आली, पारदर्शक पाय बाहेर काढून तिने शिंपेला स्पर्श केला, थांबली, पाय आत घेतला. पुन्हा स्पर्श केला. पुन्हा मागे आली. मग दुसऱ्या बाजूने. प्रत्येक अळीचं तेच चाललं होतं.

"खाडीच्याच पाण्यातल्या आहेत या," ताम्हनकर म्हणाले. "जन्माला येताहेत भरपूर. बसत नाहीत. अंगातलं साठवलेलं अन्न संपेपर्यंत अशाच शोधत राहतात. साधारण सहा दिवस. मग संपतात."

हेमांगीने डोळा काढला नाही. "किती किनाऱ्यांवर?"

"मी पाहिलेले आणि ओळखीच्यांनी कळवलेले धरून एक्केचाळीस. जिथे गाळ आहे आणि जहाजांची ये-जा आहे, तिथे सगळीकडे. तुमच्या इथे उत्तरेचं नवं बंदर आहे, जहाजं खाडीच्या तोंडाशीच उभी असतात. आणि मॅडम, हे कालवांवर थांबणार नाही. प्रवाळाची अळीसुद्धा अशाच खुणेवर बसते. बेटांभोवतालची प्रवाळं म्हणजे त्या बेटांची भिंत आहे."

"वेळ किती आहे?"

"जुनी कालवं अजून दोन हंगाम अंडी घालतील. ती मेली की अळ्याच नसतील. मग पाणी साफ झालं तरी बसायला कुणी उरणार नाही."

"डॉक्टर, तुमचा तो परिच्छेद…"

"मला माहीत आहे तो कुठे गेला," ताम्हनकर हळूच म्हणाले. "तुमचं अक्षर मी ओळखतो. आता काय करणार ते सांगा."

लिस्बनला परत आल्यावर तिने दार लावून घेतलं आणि फक्त सेमिसी ताउफाला बोलावलं. सेमिसी तिचा उपसचिव, प्रशांत महासागरातल्या एका चिमुकल्या द्वीपदेशाचा, अकरा वर्षांपासूनचा सहकारी. त्याने ताम्हनकरांचे आकडे दोनदा वाचले आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला.

"लेप खरवडून काढायचा तर जहाज कोरड्या गोदीत घ्यावं लागतं," हेमांगी म्हणाली. "साठ हजार जहाजं आहेत. जगातल्या सगळ्या गोद्या मिळून वर्षाला आठ हजार होतील. म्हणजे सात-आठ वर्षं. आपल्याकडे दोन आहेत."

"मग?"

"कलम चौदा. महासचिवाला स्वतःच्या सहीने नव्वद दिवसांचा तातडीचा हुकूम काढता येतो. बाहेरच्या समुद्रात पाणी नितळ आहे, ऊन लागतं, तिथे रेणू मोडतो. तेव्हा लेप लावलेलं कुठलंही जहाज किनाऱ्याच्या चाळीस मैल आत येणार नाही. माल तिथेच लहान, बिनलेपाच्या होड्यांवर आणि पडावांवर, म्हणजे किनाऱ्यापर्यंत माल नेणाऱ्या सपाट बोटींवर उतरवायचा."

सेमिसी वळला. "एवढे पडाव आहेत कुठे? माझ्या बेटावर पिठाचं पोतं जहाजाने येतं. इस्पितळाचं डिझेल जहाजाने येतं. आमच्याकडे माल उतरवायला दोन जुने पडाव आहेत, दोन! तुम्ही सही केलीत की तिसऱ्या आठवड्यात माझ्या आईच्या गावात पीठ संपेल."

"आणि नाही केली तर?"

तो तोंडावरून हात फिरवत खुर्चीत बसला. "तर वीस-पंचवीस वर्षांत प्रवाळ नसेल आणि गावच नसेल. तुम्ही मला असं विचारायला नको होतं, हेमांगी."

"मी कुणाला विचारू मग?"

"सह्या करायला तुम्ही इथे आहात. करा." उठता उठता तो थांबला. "पण लोक विचारतील, हे आधी कुणाला कसं कळलं नाही. काय सांगणार?"

"खरं ते."

तिने हुकुमावर सही केली, आणि त्याच दुपारी मंडळाच्या संकेतस्थळावर ती पेन्सिलची चौकट आणि कडेचं तिचं अक्षर असलेलं मूळ पान प्रसिद्ध केलं. खाली एकच वाक्य लिहिलं : ही हरकत मला माहीत होती आणि मी ती दडवली. वीस लोकांना मान्य होण्याची गरज नसलेलं तिने आयुष्यात लिहिलेलं बहुधा ते पहिलंच वाक्य.

संध्याकाळपर्यंत मराठी बातम्यांत तिचा फोटो झळकला. तिने बायला फोन लावला. तो उचलला गेला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, रविवारीही नाही.

पुढचे दिवस भयंकर होते. चाळीस मैलांवर जहाजांच्या रांगा लागल्या. मोठे देश वकील घेऊन आले; छोटे देश रडकुंडीला आले. कुठे औषधं अडकली, कुठे गहू उन्हात तापला. हेमांगी कार्यालयातच कोचावर पडायची आणि उठली की जगभरचे पडाव शोधायची. हे इथून तिथे, ते तिथून इथे. एखाद्या बंदरातून चार जुने लाकडी पडाव निघाले तरी ती हरखून जायची. ताम्हनकर दर सकाळी गाळात उरलेल्या ग्लिसाचा आकडा पाठवत. तो हलत नव्हता. "साचलेलं आहे मॅडम," ते म्हणत. "आपण भर घालणं थांबवलंय इतकंच. चिखल लगेच सोडणार नाही."

सतराव्या दिवशी उधाणलेल्या समुद्रात मोठ्या जहाजावरून धान्य उतरवताना एक पडाव उलटला. नऊ खलाशी बुडाले. तो पडाव भंगारात काढायच्या लायकीचा होता. हुकूम नसता तर त्याला कुणी समुद्रात लोटलंच नसतं. हेमांगीने नऊही नावं मागवली, वाचली, आणि प्रत्येकाच्या घरी स्वतः फोन केला. सात घरांनी ऐकून घेतलं. एका घरी कुणी भेटलं नाही. नवव्या घरातल्या बाईने विचारलं, "तुमची कालवं जगली का?" तिकडून फोन ठेवला गेल्यावरही हेमांगी तो कानाशी धरून बसली होती.

एकोणिसाव्या दिवशी मंडळाच्या परिषदेने बहुमताने हुकूम रद्द केला आणि त्याच ठरावाने तिला पदावरून दूर केलं. चौकशी बसणार होती. मतदानात तिच्या बाजूने अवघे सहा हात वर आले. सेमिसीच्या देशाचा हात वर नव्हता. त्या प्रतिनिधीने मतच दिलं नाही.

सामान आवरताना सेमिसी आत आला. त्याच्या हातात राजीनामा होता.

"तू कशाला?" हेमांगी म्हणाली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच तिच्या तोंडून 'तू' निघून गेलं.

"घरी चाललोय. आमच्या संसदेने रात्रभर बसून ठरवलं. परिषद काही म्हणो, आमच्या किनाऱ्यापुरती चाळीस मैलांची रेघ राहणार. पीठ माणशी मोजून वाटायचं." तो हसायला गेला, पण जमलं नाही. "आई म्हणाली, रताळी आहेत. आणखी एक देश आमच्याबरोबर आहे. बाकी कुणी नाही."

"दोन देश."

"हो. दोन," तो म्हणाला आणि त्याने तिचा हात बराच वेळ धरून ठेवला.

हेमांगी खारजुव्याला पोचली तेव्हा घराला कुलूप होतं. शेजारची बाई तिच्याकडे न बघताच म्हणाली, "थयसर, बर्फखान्यात."

बर्फखान्याचं दार उघडं होतं. आत प्लास्टिकच्या निळ्या टाक्या ओळीने मांडल्या होत्या आणि वाडीतल्या दहा-बारा बायका कामाला लागल्या होत्या. ताम्हनकरांनीच हे काढलं होतं. पान प्रसिद्ध झाल्यावर त्यांना जगभरातून पत्रं आली, आणि त्यातून त्यांनी एक उपाय शोधला. उपाय कसला, निव्वळ आशा. चाळीस मैलांपलीकडचं ऊन खाल्लेलं पाणी बोटीने आणायचं, जुन्या कालवांची अंडी त्यात वाढवायची, आणि अळ्या बसतात का बघायचं. बसल्याच तर ती पिल्लं टाक्यांतच वाढवून त्यांची अंडी घ्यायची, पुन्हा त्यांची पिल्लं, असं समुद्र साफ होईपर्यंत. पाणी दिवसातून तीनदा, फडक्याने गाळून बदलायचं. त्यात गाळाचा कण राहिला की सगळं फुकट.

बायने तिला बघितलं. उठली नाही.

"बाय…"

"आयकलंय मी," बाय म्हणाली. "वाचून दाखवल्यानी. सात वर्षां तुका म्हायत होता."

"होतं."

"त्या दिवशी खडकार माझ्याबरोबर हुबी होतंस. तवा पण म्हायत होता. आणि मी सगळ्यांका सांगत होतंय, आमची हेमा आसा."

हेमांगी उभीच राहिली. बायका कामं करत होत्या आणि एकीचंही तोंड तिच्याकडे नव्हतं. ताम्हनकरांनी कोपऱ्यातून एक काच उचलून आणली आणि तिच्या हातात दिली. काचेवर शिंपेचा तुकडा होता, आणि त्यावर टाचणीच्या टोकाएवढे पांढरट ठिपके.

"तीन लाख अळ्या सोडल्या होत्या," ते म्हणाले. "एकवीस बसल्या."

"एकवीस हजार?"

"एकवीस."

तिने ठिपके मोजले. ते खरोखर एकवीसच होते. तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं आणि ते तिला तिथे, त्या बायकांसमोर, दाखवायचं नव्हतं.

"समुद्र साफ होवक किती वर्षां?" बायने ताम्हनकरांना विचारलं.

"जहाजांवरचे लेप झिजायला पाच. नवे लावले नाहीत तर. मग गाळातलं जायला आणखी दहा, कदाचित पंधरा."

"म्हणजे मी नसतलंय," बाय म्हणाली. ती हिशेब केल्यासारखी थोडा वेळ टाकीकडे बघत राहिली. मग तिने पायाशी पडलेलं पांढरं फडकं उचललं, पिळलं आणि हेमांगीच्या पुढ्यात टाकलं. बाहेर बोटीवरून पाण्याची पिंपं उतरायला लागली होती.

"माफ केलंय तुका, असा समजू नको," ती म्हणाली. "पाणी गाळ."